पन्नास आणि साठ

एक हात खिशात ठेवायचा.
पॉलिकार्पने मला शिकवलेलं हे पहिलं,
पगार किती ते सांगायच्याही आधी.
प्लग काढून दोन दिवस झाले तरी
जुन्या कपॅसिटरच्या पोटात वीज दबा धरून असते,
दोन्ही हात आत गेले की तिची वाट काळजातून जाते.
अठरा वर्षं झाली गुदैबियाच्या या गल्लीत.
माझ्या सगळ्या पँटींचे
डावे खिसे आधी फाटतात.

अबू मिशारी जुलैत आले, खोबरहून,
समुद्रावरचा पूल ओलांडून,
मागच्या सीटवर अ‍ॅम्प्लिफायर, त्याला पट्टा लावलेला.
(खोबर म्हटलं की आई अजून विचारते,
ओलं की सुकं?)

मागची फळी काढली.
तळाशी पिठासारखी वाळू,
एक तुटकी नखी,
पेट्रोल पंपाची पावती, आकडे अरबी, शाई उडालेली.
कपॅसिटरच्या टोकांशी
बाभळीच्या डिंकासारखं काहीतरी वाळून बसलेलं.
जिथे जिथे डाख मंद दिसला
तिथे उकलला, पुन्हा दिला.
बावीस सांधे.
राळेच्या धुराने एसीचा वास तेवढा वेळ मरतो.

चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह तांबूस झाले.
स्पीकर बोलला,
आणि त्याच्या मागे, जुन्या मशीनला असते तेवढीच,
बारीक गुणगुण.

अबू मिशारींनी कान जाळीला लावला.
कंदुऱ्याची बाही वर घेतली, पुन्हा लावला.
म्हणाले, हा माझा नाही.
याचा सूर उतरलाय.

मला राग आला.
बावीस सांधे, म्हटलं, मोजून बघा.
त्यांनी वाद घातला नाही.
घशातून एक सूर लावून दाखवला फक्त,
म्हातारा, थोडा फाटका, पण जागेवर,
आणि चहा न घेता गेले.

माझे काका मिरजेत तंबोऱ्यांची जवारी लावायचे.
घोडीवर दोरा सरकवत, केसाएवढा.
ते म्हणायचे लागली.
गिऱ्हाईक म्हणायचं अजून नाही.
मग काका दोरा पुन्हा सरकवायचे, कधी कधी
होता तिथेच.

रात्री मोबाइलमधली पेटी उघडली.
इथली गुणगुण पांढरी पाचच्या जरा वर.
त्यांनी लावलेला सूर
काळी पाचच्याही पलीकडे.
तेव्हा कळलं, आणि कपाळाला हात लावला
(उजवा, डावा खिशातच होता).
तिकडे वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते,
इकडे पन्नास.
व्होल्ट उतरवायला बाकाखाली ट्रान्सफॉर्मर आहे, नऊ किलोचा.
हेलकाव्यांना माझ्याकडे काही नाही.

फोन करून सांगितलं.
ते बराच वेळ गप्प.
मग विचारलं, नेमका कुठे बदलतो?
पुलाच्या मधल्या बेटावर,
पासपोर्ट बघतात तिथे?
माहीत नाही, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले.
एकशे साठ रियाल, वर खजुराचा डबा.
संध्याकाळी पलीकडून फोन आला,
ते काही बोललेच नाहीत,
फोन नुसता जाळीपाशी धरलेला.
काळी पाचच्या पलीकडे.
मी पण काही बोललो नाही.

शुक्रवारी आईला लावला.
ती स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज,
आणि मागे काहीतरी सलग चाललेलं
जे मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं.
पेटी उघडायची गरज पडली नाही.
पांढरी पाच, जरा वर.

काय रे, गप्प का?
फ्रिज जुना झालाय तुमचा, म्हटलं.
चांगला चालतोय, ती म्हणाली.
आलास की हात लावू नकोस त्याला.